समुद्र डाव्या हाताला ठेवा

मागच्या अंकात ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट ओशन रोडचा मी ओझरता उल्लेख केला आणि त्यावर बरीच पत्रं आली. म्हणून या वेळचं सदर त्या एकाच रस्त्याला दिलं आहे. ज्यांनी मागचा अंक पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: व्हिक्टोरिया राज्याच्या दक्षिण किनाऱ्याने टॉर्की ते अ‍ॅलन्सफर्ड असा सुमारे २४० किलोमीटरचा हा रस्ता आहे. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही जिलाँग शहरात राहत होतो. तिथून टॉर्की जेमतेम अर्ध्या तासावर. शनिवार-रविवार मोकळा मिळाला की थर्मासमध्ये चहा भरायचा आणि निघायचं, हा आमचा शिरस्ताच होता. माझं माहेर देवगडचं, त्यामुळे समुद्र दिसला नाही की मला चुकल्यासारखं होतं.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त आहोत. मुलगा मेलबर्नजवळ टार्नेटला राहतो. नोव्हेंबरात त्याच्याकडे जातोय. तो म्हणतो, ‘बाबा, एका दिवसाच्या बस टूरने जाऊन या, गाडीची कटकट नको.’ मी गेली कित्येक वर्षं मुंबई-गोवा रस्त्यावर गाडी चालवतोय. स्वतः चालवत हिला घेऊन जावं असं फार वाटतं. हा माझा हट्ट आहे का? (अ. द., डोंबिवली)

हट्ट अजिबात नाही. जरूर चालवा. एकच अट घालते: एका दिवसात उरकू नका. सबंध रस्त्यासाठी मध्ये तीन मुक्काम ठेवा, निदान दोन तरी.

बसचा दिवस कसा जातो ते सांगते. बस सकाळी लवकर मेलबर्नहून निघते आणि ‘ट्वेल्व्ह अपॉस्टल्स’ या प्रसिद्ध सुळक्यांपाशी भर दुपारी पोचते. बाकी सगळ्या बसही त्याच सुमाराला येतात. ऊन डोक्यावर, कठड्यापाशी गर्दी, फोटो काढून पुन्हा बसमध्ये. परत येताना कोलॅकमार्गे आतल्या रस्त्याने आणतात, तेव्हा अंधार पडायला लागलेला असतो आणि अर्धी बस झोपलेली असते. एवढ्या लांब जाऊन त्या दगडांवरची संध्याकाळ आणि सकाळ दोन्ही चुकवायची, हे मला पटत नाही.

दिशा मात्र टॉर्कीकडून पश्चिमेलाच ठेवा. तिथेही आपल्यासारखं डावीकडून चालवतात. पश्चिमेला जाताना समुद्र तुमच्या डाव्या हाताला येतो, म्हणजे वहिनींच्या खिडकीशी, आणि गाडी थांबवायच्या बहुतेक जागाही डावीकडेच लागतात. समोरून येणारी वाहनं ओलांडावी लागत नाहीत. उलट बाजूने आलात तर प्रत्येक थांब्याला रस्ता कापायचा, शिवाय मध्ये सतत दुसऱ्यांच्या गाड्या.

पहिल्या दिवशी टार्नेटहून जिलाँग, तिथून टॉर्की. या वाटेवर टोल लागत नाही. आल्याआल्या मेलबर्न शहराच्या मध्यभागात मात्र गाडी घालू नका. ट्रामच्या काही चौकांत उजवीकडे वळायला आधी डाव्या कडेला जाऊन थांबावं लागतं, ते नवख्याला घाबरवतं. टॉर्कीच्या पुढे बेल्स बीच, मग एअरीज इनलेटचा पांढरा दीपगृहाचा मनोरा, मग लॉर्न. लॉर्नला ‘टेडीज लुकआउट’वर अवश्य चढा. खाली सेंट जॉर्ज नदी समुद्राला मिळते आणि डोंगराच्या पोटातून कोरून काढलेला रस्ता वळण घेत जातो. आपण कुठून जाणार आहोत ते तिथून कळतं.

लॉर्न ते अपोलो बे हा सबंध प्रवासातला सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात वळणांचा तुकडा. वेगमर्यादा ८०ची असली तरी वळणांवर पिवळ्या पाट्या ३५, ४० असं सांगतात, त्या पाळा. मागे गाड्यांची रांग लागली तर हळू चालणाऱ्यांसाठी डावीकडे जागा सोडलेली असते. तिथे शिरा, सगळ्यांना जाऊ द्या, आणि मग आरामात निघा. अजून एक लक्षात ठेवा. डावीकडून चालवायची आपल्याला सवय आहे, समोरच्याला असेलच असं नाही. उजवीकडून चालवणाऱ्या देशांतले पर्यटकही तिथे भाड्याच्या गाड्या घेऊन येतात. त्यांच्यासाठी रस्त्यावर बाण काढलेले दिसतील. आंधळ्या वळणावर आपली कड सोडू नका.

वाटेत केनेट रिव्हर लागेल. तिथल्या निलगिरीच्या झाडांवर कोआला असतात. दिवसाचे वीसेक तास ते झोपूनच असतात, त्यामुळे खोडाच्या बेचक्यात राखाडी गाठोडं दिसलं की तोच. काही खायला घालू नका.

पहिला मुक्काम अपोलो बेला करा आणि दुसऱ्या सकाळी टाकी भरून निघा. पेट्रोल आपणच भरायचं आणि आत जाऊन पैसे द्यायचे. इथून पुढे समुद्र काही काळ नाहीसा होतो आणि रस्ता ऑटवेच्या जंगलात शिरतो. पुष्कळ लोक हा भाग ‘आता काही नाही’ म्हणून पळवत नेतात. तुम्ही तसं करू नका. ‘मेट्स रेस्ट’ला उतरा. लाकडी पायवाट आहे, सावकाश चाललात तरी अर्ध्या तासात फेरी होते. माणसाच्या दुप्पट उंचीचे नेचे, शेवाळलेले बीच वृक्ष, आणि ओल्या मातीचा असा वास की आंबोलीच्या जंगलाची आठवण यावी. तिथून पुढे केप ऑटवेचं दीपगृह. मुख्य रस्त्यापासून बारा किलोमीटर आत जावं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर आज उभ्या असलेल्या दीपगृहांत ते सगळ्यात जुनं. १८४८ साली त्याचा दिवा लागला. इंग्लंडहून महिनोन्महिने प्रवास करून आलेल्या जहाजांना जमिनीची पहिली खूण बऱ्याचदा याच दिव्याची मिळे.

दुसरा मुक्काम पोर्ट कॅम्पबेलला. अपॉस्टल्स तिथून दहा-बारा किलोमीटरवर, म्हणजे सूर्यास्ताला जाऊन परत येता येतं आणि सकाळी पुन्हा जाता येतं. संध्याकाळी सूर्य बुडाला की बहुतेक माणसं निघून जातात. तुम्ही थोडं थांबा. खालच्या वाळूवर लाटेबरोबर काळे ठिपके येतात, जरा घोळका करतात आणि तुरुतुरु कड्याकडे पळतात. ती छोटी पेंग्विनं. दुर्बीण असेल तर न्या. परतीचं अंतर थोडं आहे, पण तेवढंही सावकाश कापा, कारण तिन्हीसांजेला आणि अंधारात कांगारू आणि वॉलबी रस्त्यावर येतात. तिथे राहणारी माणसंसुद्धा त्या वेळी लांबचं गाडी चालवणं टाळतात.

त्या सुळक्यांना नाव बारा अपॉस्टल्सचं, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांचं, असलं तरी बारा मोजायला जाऊ नका. चुनखडीचे ते दगड लाटा सतत खातात. २००५च्या जुलैत त्यांतला सुमारे पन्नास मीटर उंचीचा एक काही क्षणांत कोसळला, आता आठ उरलेत. पुढे ‘लंडन ब्रिज’ नावाची दगडी कमान आहे. तिचा किनाऱ्याला जोडणारा भाग १५ जानेवारी १९९० रोजी पडला, तेव्हा टोकाला गेलेले दोन पर्यटक तिथेच अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. कठड्याच्या आत राहा असं बजावून सांगते ते याचसाठी.

तिसऱ्या दिवशी लॉक आर्ड गॉर्ज ही कड्यांमधली घळ, मग बे ऑफ आयलंड्स, मग वॉर्नंबूल. पाय थकले नसतील तर पोर्ट फेअरीपर्यंत जा, शांत गाव आहे. वाटेत टॉवर हिल हा निद्रिस्त ज्वालामुखी लागतो, त्याच्या मुखात आता अभयारण्य आहे आणि एमू हिंडताना दिसतात. परतीला किनारा नको, प्रिन्सेस हायवेने सरळ या.

आता कागद. तुमचं महाराष्ट्राचं लायसन्स इंग्रजीत आहे, पर्यटक म्हणून ते व्हिक्टोरियात चालतं. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, वर्षभर चालतो. गाडी भाड्याने देणारे पुष्कळदा तो मागतात. मुलाची गाडी घेणार असाल तर त्याला आजच विम्याची कागदपत्रं वाचायला सांगा. परदेशी लायसन्सवर चालवणाऱ्याला संरक्षण आहे का, आणि अपघात झाला तर पदरचे किती भरावे लागतील, हे दोन प्रश्न विचारा. वेगमर्यादेच्या बाबतीत तिथे दयामाया नाही. कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाची नोटीस मुलाच्या पत्त्यावर येते. गोल चौकात आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे नाक आधी घुसवतो, ती सवय डोंबिवलीतच ठेवून जा.

प्रश्न : आमचं लग्न होऊन बारा वर्षं झाली. मला घाटात हमखास उलटी होते. हे म्हणतात, तू गोळी घे आणि मागे झोप. माझं लायसन्स आहे, रोज शाळेत मुलांना मीच सोडते, पण लांबच्या प्रवासाला हे माझ्या हातात गाडी देत नाहीत. अशा रस्त्यावर मी जावं का? (एक वाचक, सांगली)

जावं, आणि लॉर्न ते अपोलो बे हा वळणांचा तुकडा तुम्ही चालवावा.

मनापासून सांगते आहे. गाडी लागते ती डोळे आणि कान मेंदूला वेगवेगळी खबर देतात म्हणून. मागे बसून मोबाईलमध्ये किंवा समोरच्या सीटच्या पाठीत बघत असलात तर डोळे म्हणतात आपण स्थिर आहोत, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हेलकावतोय. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर असते, पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून त्याला सहसा त्रास होत नाही. माझ्या नणंदेला फोंडा घाटात प्रत्येक वेळी पिशवी लागायची. ती आमच्याकडे आली तेव्हा ह्यांनी तिच्या हातात किल्ली दिली. वाय रिव्हरच्या वळणांवर ती गात होती.

मागे झोपणं तर नकोच. चालवत नसाल तेव्हा पुढे बसा, नजर लांब क्षितिजावर, काच थोडी खाली. गोळी घेतली असेल तर मात्र त्या दिवशी स्टिअरिंगला हात लावू नका, तिने झोप येते.

तुमच्या यजमानांसाठी दोन गोष्टी लिहिते, हे पान त्यांना दाखवा. गाडी भाड्याने घेताना करारात दोन्ही चालकांची नावं घाला. नाव नसलेल्या माणसाने चालवली आणि काही झालं तर विमा हात वर करतो. कुठे कुठे दुसऱ्या नावाचे थोडे पैसे पडतात, ते द्या. दुसरं म्हणजे, चालवणाऱ्याला समुद्र दिसत नाही. त्याला पांढरी रेघ दिसते. सगळा रस्ता तुम्हीच चालवलात तर जन्मात एकदा इतक्या लांब जाऊन किनारा बायकोच्या फोटोंत पाहावा लागेल. आम्ही दोघं दर तासाभराने अदलाबदल करायचो आणि ह्यांनी समुद्र बघताना जे काही बोललंय ते माझ्या जवळ आहे. घरात ते इतकं बोलत नाहीत.

प्रश्न : आम्हाला दोघांनाही सुट्टी फक्त जूनमध्ये मिळते. सगळे म्हणतात तिथे तेव्हा हिवाळा, पैसे वाया जातील. लग्नाचा पहिला वाढदिवस आहे. (रु. आणि नि., नाशिक)

मला स्वतःला तो रस्ता हिवाळ्यातच जास्त आवडतो. पाऊस येतो-जातो, वारा बोचरा असतो, दुपारचं तापमान तेरा-चौदाच्या आसपास. पण दक्षिणेकडून येणाऱ्या लाटा तेव्हा काय उसळतात! लॉक आर्ड गॉर्जला उभं राहिलात तर कड्यावर लाट आदळल्याचा दणका तळपायाला जाणवतो.

त्या जागेची हकिकत जूनमधलीच आहे. १ जून १८७८च्या पहाटे लॉक आर्ड हे इंग्लंडहून आलेलं जहाज इथल्या मटन बर्ड बेटावर आदळलं. जहाजावर चोपन्न माणसं होती, दोन वाचली. टॉम पिअर्स हा शिकाऊ खलाशी आणि ईव्हा कारमायकल ही मुलगी. टॉमने तिला पाण्यातून ओढून वाळूवर आणलं आणि मग कडा चढून मदत आणली. ईव्हाचे आईवडील आणि बरोबरची भावंडं त्या पाण्यात गेली. वर्तमानपत्रांनी आणि लोकांनी दोघांचं लग्न लावून द्यायचं मनावर घेतलं होतं, पण ईव्हा आयर्लंडला परत गेली. घळीच्या तोंडाशी एक कमान होती, ती २००९ साली पडली; जे दोन खांब उरले त्यांना लोक टॉम आणि ईव्हा म्हणतात. त्या जहाजातला चिनी मातीचा एक मोठा मोर खोक्यात सुखरूप किनाऱ्याला लागला. तो वॉर्नंबूलच्या फ्लॅगस्टाफ हिल संग्रहालयात आहे, जरूर बघा.

जूनमध्ये आणखी एक लाभ. जून ते सप्टेंबर ‘सदर्न राइट’ जातीचे देवमासे वॉर्नंबूलच्या लोगन्स बीचजवळ पिल्लांना जन्म द्यायला येतात. लाकडी मचाण बांधलेलं आहे, तिथून दिसतात. दिसतीलच असं नाही, पण सकाळी तास-दोन तास काढायची तयारी ठेवा. दिवस लहान असतो, पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून चारलाच मुक्कामी टेका.

उन्हाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, जाणाऱ्यांनाही एक सांगते. वणव्याची भीती खरी आहे. २०१५च्या नाताळच्या दिवशी वाय रिव्हर आणि सेपरेशन क्रीक इथली ११६ घरं जळाली. व्हिकइमर्जन्सी हे सरकारी ॲप फोनवर घ्या आणि रोज सकाळी बघा. धोक्याचा दिवस जाहीर झाला असेल तर बुकिंगचे पैसे गेले तरी चालतील, तिकडे जाऊ नका.

प्रश्न : मी माजी सैनिक. हा रस्ता सैनिकांनी बांधला असं ऐकलं. खरं आहे का? (सातारा जिल्हा)

खरं आहे, आणि हा प्रश्न तुमच्याकडून आला याचा मला फार आनंद झाला.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी हा रस्ता बांधला. काम सुरू झालं १९१९च्या सप्टेंबरात. यंत्रं जवळपास नव्हतीच. कुदळ, फावडं, सुरुंग आणि हातगाड्या. दिवसाला दहा शिलिंग सहा पेन्स मजुरी, तंबूत राहणं. फ्रान्समध्ये, गॅलिपोलीत बरोबरची माणसं गेलेली आणि ही मागे राहिलेली माणसं त्यांच्या नावाने कडा फोडत होती. सबंध रस्ता हेच त्यांचं स्मारक, जगातल्या सर्वांत लांब युद्धस्मारकांत त्याची गणना होते. काम करतानाही काहीजण गेले.

कल्पनेमागे पैसा आणि रेटा लावला तो जिलाँगचे महापौर हॉवर्ड हिचकॉक यांनी. रस्ता २६ नोव्हेंबर १९३२ला खुला झाला, त्याच्या काही महिने आधी ते वारले. उद्घाटनाच्या मिरवणुकीत त्यांची गाडी रिकामी चालवत नेली. सुरुवातीला मोटारीला टोल होता, १९३६ साली रस्ता सरकारकडे गेला आणि तो बंद झाला.

ईस्टर्न व्ह्यू इथे रस्त्यावर लाकडी कमान आहे, तिच्या शेजारी खोदकाम करणाऱ्या दोन सैनिकांचा ब्राँझचा पुतळा. लोक कमानीखाली फोटो काढतात आणि पुढे निघतात. तुम्ही पुतळ्यापाशी उभे राहा. ज्या जिल्ह्याने त्याच युद्धात गावंच्या गावं रिकामी करून माणसं धाडली, तिथल्या माणसाने त्या पुतळ्याला हात लावावा असं मला वाटतं.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. घरचं काय नेता येईल? (म. क., पुणे)

विमानातच एक कार्ड भरायला देतात. खाण्याचा प्रत्येक जिन्नस त्यावर ‘आहे’ म्हणून लिहा, मग अधिकारी बघून ठरवतात. लपवलंत तर दंड जबर असतो. ताजा कढीपत्ता, फळं, बियाणं, पेढे-बर्फी नेऊच नका. गरजही नाही, टार्नेट, पॉइंट कुक, वेरिबी या जिलाँगच्या वाटेवरच्या उपनगरांत भारतीय किराणा दुकानं आहेत. पोहे, रवा, तूप, मेतकूट तिथेच भरून घ्या आणि स्वयंपाकघर असलेली खोली घ्या.

लॉर्न, अपोलो बे अशा गावांत किनाऱ्यालगतच्या हिरवळीवर विजेवर चालणारे सार्वजनिक बार्बेक्यू असतात, फुकट. बटण दाबलं की लोखंडी तवा तापतो. आधी कागदाने पुसायचा, वर ॲल्युमिनियमची फॉइल पसरायची. आम्ही त्यावर वांग्याचे काप करायचो, तिखटमीठ आणि रवा लावून, आणि बरोबर मक्याची कणसं. नंतर तवा पुसून ठेवायचा, मागे कोणीतरी थांबलेलं असतं.

मासे खाणाऱ्यांनी अपोलो बेला कालवांच्या जातीतल्या स्कॅलपची मसालेदार ‘पाय’ (आत सारण भरून भाजलेली खारी) खावी. फिश अँड चिप्सच्या दुकानात ‘फ्लेक’ असं लिहिलेलं दिसेल, ती आपली मोरी, म्हणजे छोटा शार्क मासा. काटा नसतो, मुलांनाही देता येते.